चिखल

आमच्या घरची बंदूक उडताना मी कधीच पाहिली नाही. ती दिसायची निवडणुकीच्या दिवसांत. निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. आमची बंदूक फुटकी होती, पण परवान्यावर होती, तेव्हा तिलाही जावं लागे. अज्जा तिला घोंगड्यात गुंडाळून, मांडीवर आडवी घेऊन बसमध्ये बसत. कंडक्टरनं विचारलं तर म्हणत, "म्हातारीला मतदानाला नेतोय."

अज्जांच्या डाव्या हाताला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं. उरलेल्या बोटांत ते दाभण धरीत आणि पोती शिवीत. बोटं कशी गेली हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. १९६८ च्या जानेवारीत तळ्यावर बदकांना बंदूक झाडताना नळी फुटली. नळीत चिखल शिरला होता. अज्जांनीच तसं सांगितलं होतं, आणि आमच्या घरात अज्जांनी सांगितलेल्या गोष्टीवर पुन्हा प्रश्न निघत नसे.

बंदूक पणजोबांनी घेतलेली. १९४७ साली बेळगावच्या कॅम्पातला एक गोरा अधिकारी मायदेशी निघाला तेव्हा त्याच्याकडून. बारा बोअरची, दोन नळ्यांची, बाहेर घोडे असलेली. बारा बोअर म्हणजे काय, हे विद्यार्थी मला वर्गात कधी विचारत नाहीत, तरी सांगतो: नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घेतली, तर एका पौंडात तशा बारा गोळ्या चढतात. म्हणून आकडा लहान तेवढी बंदूक मोठी. दहाची बाराहून मोठी, आठची त्याहून मोठी. आमची बाराचीच, पण अंगानं थोराड. नेहमीची इंग्रजी बारा बोअर तीन किलोंच्या आतबाहेर असते, ही पावणेचार किलोंची, बत्तीस इंची नळ्यांची. इंग्लंडच्या दलदलीच्या किनाऱ्यावर हंस-बदकांसाठी अशा जड बंदुका करीत. छर्रे जास्त भरायचे, तर धक्का सोसायला वजन हवं. नळीवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी होती. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, दांड्याभोवती गुंडाळून, तापवून ठोकलेली ती दमास्कस नळी. लहानपणी त्या नक्षीवरून बोट फिरवायला मला फार आवडे.

आमचं गाव खानापूरच्या वाटेवर. भातशेतीच्या वर तळं. थंडीत तिथं थापट्या, तलवार बदकं, चक्रवाक उतरतात. नकटा आणि हळदी-कुंकू तर घरचेच. अज्जा वर्षातून चार-पाच वेळा जात, दोन-तीन बदकं आणीत. १९३८ साली भरतपूरला व्हाइसरॉय लिनलिथगोच्या मेजवानीत एका दिवसात ४,२७३ पाखरं पाडली गेली, त्या जातीची ही शिकार नव्हे. पण मी तिची तरफदारीही करीत नाही. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनं शिकारीच्या परवान्याची वाटही मिटली, ते बरंच झालं.

काडतुसं अज्जा घरी भरीत. पितळेच्या नळकांड्या, काळी दारू, वर बुच, मग छर्रे. शिकारीहून आलं की नळ्या गरम पाण्यानं धुवून खोबरेल तेलाचा बोळा फिरवायचा. काळ्या दारूची राख ओल धरते आणि नळी आतून खाते. हा सगळा सोहळा धाकट्या अज्जांना हास्यास्पद वाटे. अज्जांचे ते एकुलते भाऊ. अज्जांनीच त्यांना शिकवलेलं. पुण्यात नोकरी लागली, पहिली दिवाळी आली, आणि ते गावी आले ते बेळगावातून नव्या काडतुसांचा खोका घेऊन. परवान्याचं पुस्तक अज्जांचं, पैसे यांचे. "दादा, चूर्ण कुटल्यासारखं काय भरत बसतोस? ही घाल आणि बघ." ही हकीगत धाकटे अज्जा स्वतःच मोठ्या हौसेनं सांगत. त्यांना त्यात आपल्या पहिल्या पगाराची गोष्ट सांगायची असे. खोक्याचा आणि जानेवारीचा संबंध त्यांनी कधी जोडला नाही. मध्ये चिखल होता ना.

२००९ मध्ये अज्जा गेले. परवान्याचं काय करायचं म्हणून मी बंदूक घेऊन बेळगावातल्या एका जुन्या बंदूक-मेस्त्रीकडे गेलो. म्हटलं, दुरुस्त होत असेल तर बघावं. त्यांनी घोंगडं सोडलं, नळीखालचं लाकूड काढलं आणि म्हणाले, "ब्याडरी सर." नको म्हणाले. मग विचारलं, "कशानं फुटली?"

"चिखल शिरला होता."

मेस्त्री माझ्याकडे बघत राहिले. "चिखल कुठनं शिरतो सर? तोंडातनं. मग फुटेल कुठं? तोंडाशी. ही तर हाताखाली फुटलीय की."

मी पदार्थविज्ञान शिकवतो. तीस वर्षं ती फूट माझ्या डोळ्यांसमोर होती आणि हा प्रश्न मला पडला नव्हता.

त्यांनी नळीच्या बुडाशी असलेले इंग्लंडच्या चाचणीघराचे ठसे भिंगाखाली दाखवले. चौकटीत बारा आकडा होता. नव्या, बिनधुराच्या दारूसाठी चाचणी झाली की 'नायट्रो प्रूफ' असे शब्द उठवतात. ते कुठंच नव्हते. म्हणजे बंदूक काळ्या दारूची. काळी दारू भपकन जळते, सुरुवातीलाच जोर देते आणि तो लवकर ओसरतो. बिनधुराच्या दारूचा जोर अधिक, आणि तो नळीत आणखी पुढंपर्यंत टिकतो, नेमका जिथं जुन्या नळीचा पत्रा पातळ होत गेलेला असतो तिथं. त्यात आतून गंजाचे खड्डे. शिवाय लांबी. या बंदुकीत काडतूस बसायची जागा अडीच इंच, म्हणजे ६५ मिलिमीटर. नवी काडतुसं ७० ची. गंमत अशी की ती लांबी उडाल्यानंतरची, तोंड उघडल्यावरची. उडण्यापूर्वी तोंड दुमडलेलं असतं, त्यामुळे ७० चं काडतूस ६५ च्या जागेत सुखानं जातं, बंदूक मिटते, कुणाला शंका येत नाही. चाप ओढला की दुमड उघडून पुढच्या निमुळत्या भागात घुसते, वाट अडते आणि दाब वाढतो.

जुनी नळी मुळात वाईट नसते, असंही मेस्त्री म्हणाले. ते खरं आहे. इंग्लंडात असल्या बंदुका आजही काही जण पाणथळीवर नेतात, पण आधी तपासून घेतात आणि कमी दाबाची, आखूड काडतुसं वापरतात. तिथं १९९९ पासून पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे झाडायला बंदी आहे, कारण बदकं पडलेले छर्रे खड्यांबरोबर गिळतात आणि विषबाधेनं मरतात. पोलादी छर्रे जुन्या नळीला सोसत नाहीत. ते शिशासारखे दबत नाहीत, तोंडाशी आवळलेल्या भागात नळी फुगवतात. म्हणून बिस्मथचे, महागडे.

घरी येऊन अज्जीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांना ठाऊक होतं. दवाखान्यातनं आले त्या रात्री एक पितळेचं आणि एक नवं, उडालेली दोन्ही काडतुसं चौरंगावर शेजारी उभी करून बघत बसले होते. मी विचारलं तर म्हणाले, चिखल होता. धाकट्याला तसंच कळव."

पितळेचं काय झालं कोण जाणे. दुसरं मात्र घरातच होतं. अज्जा दाभण ज्यात ठेवीत ते लाल नळकांडं. त्याच्या फाटक्या तोंडापाशी मी वर्गातली पट्टी धरली. सत्तर.

त्या मे महिन्यात धाकटे अज्जा पुण्याहून आले. वय ऐंशीच्या घरात, कान पक्के. बंदूक ठाण्यात कायमची जमा केल्याचं मी सांगितलं. ते बराच वेळ अंगणाकडे बघत होते. मग म्हणाले, "दादा इतका जपणारा माणूस रे. नळीत फुंकून बघितल्याशिवाय काडतूस घालत नसे. चिखल कसा शिरला त्या दिवशी?" आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "मेस्त्री काय म्हणाला?"

लाल नळकांडं दाभणासकट समोरच्या कोनाड्यात होतं.

"चिखलच म्हणाला," मी म्हटलं.

"हं," ते म्हणाले आणि त्यांनी चहा मागितला.

गेल्या पावसाळ्यात तेही गेले. म्हणून आता लिहितो आहे.