दळण कॉफीचं

तंजावरच्या दक्षिण राजवीथीजवळच्या एका जुन्या घरात रोज पहाटे साडेपाचला एक आवाज यायचा. घर्र... घर्र... मध्येच एखादं बी कडकन फुटायचं आणि पुन्हा घर्र. शेजारपाजारचे लोक त्या आवाजावर उठत. सून पुण्याची. 1998 साली लग्न होऊन या घरात आली तेव्हा पहिल्या पहाटे ती दचकून जागी झाली होती. तिला वाटलं, कुणीतरी शिवणयंत्र चालवतंय! बाहेर येऊन पाहते तो सासूबाई ओसरीवरच्या लाकडी फळीला स्क्रूने आवळलेल्या लोखंडी यंत्राचा दांडा फिरवत उभ्या. खाली पितळेच्या वाटीत तपकिरी भुकटी पडत होती आणि साऱ्या ओसरीभर वास दरवळत होता. चहावर वाढलेल्या त्या मुलीने त्या दिवशी चहा मागितलाच नाही.

सासूला या घरात 'अत्याबाई' म्हणतात. तमिळ घरांत सासू म्हणजे 'अत्तै', आणि या घराण्यात मामा-आत्याच्या मुलांत लग्नं होत आल्यामुळे सासू बहुधा खरीखुरी आत्याच असे. पुण्याच्या सुनेलाही तेच नाव तोंडात बसलं. व्यंकोजीराजांनी 1676 च्या सुमारास तंजावरची गादी घेतली, त्यानंतर आलेल्या मराठी कुटुंबांपैकी हे एक. 1855 साली राज्य खालसा झालं, तरी माणसं इथेच राहिली. मराठी बोलायची ती तमिळ हेल काढून. पिठल्याचं 'पिटलै' आणि पोळीचं 'बोळी' झालं. राजवाड्याच्या पाकशाळेवरचं 'शरभेंद्र पाकशास्त्र' सरस्वती महाल ग्रंथालयाने छापलंय, ते या घराच्या कपाटात आहे; पण स्वयंपाक त्यात बघून कुणी करत नाही. सांबार हा शब्द संभाजीराजांवरून आला, असं मात्र अत्याबाई पाहुण्यांना आवर्जून सांगतात. दंतकथाच ती, पण सांगायला काय जातंय?

कॉफी या घरात राजेशाहीनंतर कधीतरी शिरली आणि मग तिनेच राज्य केलं. अत्याबाईंच्या सासूबाई कच्च्या बिया आणून कोळशाच्या शेगडीवर गोल डब्यात फिरवून भाजत असत. भाजणं पुढे दुकानदाराकडे गेलं. दळणं मात्र घरातच राहिलं.

आणि मग दोन वर्षांपूर्वी एका पहाटे आवाज आला नाही.

अत्याबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दांडा फिरेना. त्यांनी कुणाला काही म्हटलं नाही. नातवाला पाठवून दुकानातून दळलेली पावडर आणवली, फिल्टर लावला, दावरा-तुंबलरमधून कॉफी सगळ्यांना दिली. स्वतःची अर्धी पिऊन तुंबलर बाजूला ठेवला.

सुनेच्या लक्षात आलं ते तेवढ्या अर्ध्या तुंबलरवरून. स्वयंपाक तिच्याकडे आला होता, हिशेब मुलाकडे गेला होता, देवाची फुलंसुद्धा फुलवाला दारात आणून देत होता. अत्याबाईंच्या हातात फक्त पहाटेची कॉफी उरली होती. तीही गेली तर त्यांनी उठायचं तरी कशाला? सून मनात म्हणाली, काही करून दळणं घरात परत आणायचं.

वाटलं होतं, सोपं काम आहे. घरात मिक्सर होताच. चटणीच्या भांड्यात बिया घालून फिरवल्या. अर्ध्या मिनिटात पावडर तयार! पण फिल्टरमध्ये घातली तर तासभर पाणीच उतरेना. दुसऱ्या दिवशी कमी फिरवलं, तर पाच मिनिटांत सगळं पाणी खाली आणि डिकॉक्शन म्हणजे नुसतं गढूळ पाणी. अत्याबाईंनी ती भुकटी चिमटीत धरून चोळली. म्हणाल्या, "अगं, यात मैदा पण आहे आणि रवा पण आहे."

अगदी बरोबर निदान होतं. मिक्सरचं पातं बिया दळत नाही, तोडतं. जे बी पात्यासमोर आलं त्याचे दहा तुकडे, जे कडेला राहिलं ते तसंच. धूळ फिल्टरच्या बारीक भोकांत अडकते आणि कडू अर्क देते. जाड कणांच्या आतला स्वाद आतच राहतो. शिवाय पातं जास्त वेळ फिरलं की भुकटी तापते आणि जो सुवास कपात यायचा तो स्वयंपाकघरातच उडून जातो. ज्या घरी मिक्सरवरच भागवायचं असेल त्यांनी निदान थांबून थांबून, भांडं हलवत फिरवावं. पण ते भागवणंच.

दुसरा प्रयोग अमेरिकेच्या भाच्याचा. मावशीचा हात दुखतो हे कळल्यावर त्याने सुट्टीला येताना चांगलं विजेचं यंत्र आणलं. सगळे गोळा झाले. प्लगला अडॅप्टर लावला, बटण दाबलं. यंत्राने मोठ्याने एक किंकाळी फोडली, जळका वास आला आणि संपलं! अमेरिकेतली वीज 120 व्होल्टची, आपली 230 ची. अडॅप्टर फक्त प्लगचा आकार बदलतो, दाब बदलत नाही, हे एवढ्या शिकलेल्या घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही. भाचा ओशाळला. अत्याबाईंनीच त्याची समजूत काढली. परदेशातून यंत्र आणणाऱ्यांनी खालच्या पट्टीवरचे आकडे आधी वाचावेत. वेगळा ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण पहाटे साडेपाचला विटेएवढं वजनदार खोकं कोण ओढत बसणार?

तिसरं यंत्र गावातल्याच एका दुकानातून आलं. खोक्यावर 'कॉफी ग्राइंडर' असं ठळक छापलेलं. घरी येऊन उघडलं तर आत तेच मिक्सरसारखं पातं! म्हणजे पैसे देऊन दुसरा, आणखी छोटा मिक्सर घेतला होता. दुकानदार परत घेईना. त्या दिवशी सुनेला चांगलाच राग आला, आणि मग तिने रीतसर अभ्यासच सुरू केला.

त्यातली मुख्य गोष्ट आपल्या आज्यांना ठाऊक होती. जात्याला दोन तळ्या असतात. दाणा त्यांच्या फटीतून जातो आणि फटीएवढा झाला की बाहेर पडतो; त्याहून मोठा राहू शकत नाही. कॉफीच्या चांगल्या यंत्रातही तसंच असतं. दात्यांची दोन चाकं, कधी सपाट, कधी शंकूच्या आकाराची. त्यांतली फट स्क्रूने कमीजास्त करायची. फट ठरली की भुकटी जवळजवळ एकसारखी. यंत्र हाताचं असो की विजेचं, आत पातं आहे की जातं, एवढा प्रश्न पहिल्यांदा विचारावा. उत्तर 'पातं' असेल तर पुढचं काही ऐकायची गरज नाही.

मग तिने चेन्नईहून हातात धरायचं नव्या तऱ्हेचं यंत्र मागवलं. स्टीलची नळी, आत शंकूचं जातं, वर लांब दांडा. भुकटी सुरेख! पण दोन अडचणी. एक तर त्यात एका वेळी पंचवीस-तीस ग्रॅम बिया मावत. सहा माणसांच्या कॉफीला दोनदा भरावं लागे. दुसरी मोठी. ती जाड नळी डाव्या हाताने घट्ट धरायची असते, आणि अत्याबाईंचा डावा अंगठाही काही तरुण नव्हता. एकट्या राहणाऱ्या, धडधाकट हातांच्या माणसाला हे यंत्र उत्तम. ते आता बंगळूरला शिकणाऱ्या नातवाकडे आहे.

शेवटी विजेचंच जातं घ्यायचं ठरलं. या वेळी घाई केली नाही. 230 व्होल्ट, 50 हर्ट्‌झ हे पाहिलं. वरचं चाक हत्यार न लावता हाताने काढता येतं का, हे दुकानात काढूनच पाहिलं. कारण जे सहज उघडत नाही ते कुणी साफ करत नाही. जात्याची चाकं सुटी विकत मिळतात का आणि दुरुस्ती तिरुचीत होते की यंत्र थेट मुंबईला पाठवावं लागतं, हेही विचारलं. एका दमात किती वेळ चालवायचं ते माहितीपत्रकात शोधलं. बरीच घरगुती यंत्रं एक-दोन मिनिटांनंतर विश्रांती मागतात, ती दिली नाही तर मोटर जाते. बाकी काचेचा डबा, निळे दिवे, चाळीस पायऱ्यांचा काटा वगैरे गोष्टी सोडून दिल्या. आपल्या फिल्टरला त्या चाळीसांतल्या दोन-तीनच पायऱ्या लागतात. बारीक रव्याहून थोडी बारीक, पण चिमटीत कण जाणवतील इतपत. पंधरा-वीस मिनिटांत डिकॉक्शन खाली उतरलं की समजावं, फट बरोबर आहे.

चिकोरीचा घोळ मात्र वेगळाच निघाला. तंजावर-कुंभकोणम भागात थोडी चिकोरी हवीच. ती एका मुळाची भाजून केलेली भुकटी. कॉफीला काळसर रंग आणि दाटपणा देते. आपल्या कायद्याप्रमाणे मिश्रणात कॉफी निदान 51 टक्के असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. काही दुकानांत ते अक्षर इतकं बारीक असतं की भिंगच घ्यावं. अत्याबाई वर्षानुवर्षं भाजलेल्या चिकोरीचे तुकडे बियांबरोबरच यंत्रात टाकत आल्या होत्या. चिकोरी हवेतलं पाणी ओढते, चिकट होते आणि दात्यांत बसते. नव्या यंत्रात फक्त बिया. चिकोरीची पावडर दळल्यावर मिसळायची, असं ठरलं.

हे बोलणं चाललं असताना सुनेच्या डोक्यात एक विचार चमकला. जुन्या यंत्रात आत काय असेल?

यंत्र फळीवरून काढून ती आणि तिचा नवरा एका लेथवाल्याकडे गेले. त्याने बोल्ट सोडवला, चाक बाहेर काढलं आणि हसायलाच लागला. दात्यांच्या खाचा काळ्या डांबरासारख्या थराने बुजून गेल्या होत्या. कॉफीचं तेल आणि चिकोरी, कित्येक वर्षांची! शिवाय आतली बुश झिजल्यामुळे दांडा फिरताना चाक एका बाजूला घासत होतं. त्याने तमिळमध्ये विचारलं, "हे आतून कुणी कधी पाहिलंच नाही का?"

कुणीच पाहिलं नव्हतं. घरातल्या सगळ्यांनी, डॉक्टरांनी आणि खुद्द अत्याबाईंनी धरून चाललं होतं की हात गेला. हात थोडा गेला होताच. पण निम्मं ओझं यंत्राचं होतं, आणि ते सत्तरी ओलांडलेली बाई रोज पहाटे न बोलता ओढत होती. घरी परतताना नवरा गप्प होता. पेरिय कोविलजवळ त्याने स्कूटर थांबवली आणि म्हणाला, "आईला मी गेल्या वर्षी म्हणालो होतो, आता राहू दे, तुला जमत नाही." सुनेनेही तेच म्हटलं होतं; पण त्या वेळी तिने सांगितलं नाही.

लेथवाल्याने पितळेची नवी बुश बसवली, आणि सुनेच्या सांगण्यावरून दांडा चार बोटं लांब केला. दांडा लांब झाला की तेवढ्याच कामाला जोर कमी लागतो. फेरा मोठा होतो, एवढंच. मुठीवर जुन्या सायकलच्या हँडलचं रबर चढवलं, म्हणजे अंगठ्याने आवळावं लागू नये. चाकं उकळत्या पाण्यात घासून, लगेच पुसून उन्हात वाळवली, कारण लोखंडाला ओल चालत नाही.

बियाही बदलल्या. फिक्या भाजलेल्या बिया दगडासारख्या कडक असतात, गडद भाजलेल्या ठिसूळ. मध्यमहून किंचित गडद घेतल्या. तेल सुटेपर्यंत काळ्या मात्र नकोत, नाहीतर पुन्हा तोच थर. निम्म्या पीबेरी, निम्म्या प्लांटेशन ए, आठवड्याला पाव किलो; बी दोन-तीन आठवडे टिकतं, भुकटी दोन-तीन दिवसांतच उतरते. पूर्वी कॉफी बोर्डाच्या साठ्यातून जे येईल ते दुकानदार देत असे. 1996 पासून मळेवाल्यांना आपली सगळी कॉफी थेट विकता येऊ लागली, म्हणून आता चिकमगळूरच्या किंवा कुर्गच्या एखाद्या मळ्याचं पाकीट घरपोच मागवता येतं. सुनेने दोनदा मागवून पाहिलं. अत्याबाईंचा कौल जुन्या दुकानालाच पडला.

आता पहाटेची सहा जणांची कॉफी विजेच्या यंत्रावर होते. आदल्या रात्री अत्याबाई ताटात बिया पसरून, चष्मा लावून निवडतात. एक खडा गेला तर चाकाचा दाता उडतो, हे लेथवाल्याने त्यांना सांगितलंय, आणि तांदूळ निवडण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. बटण त्याच दाबतात. दुसऱ्या कुणी दाबलं तर, "थांब, थांब, अजून बिया सरकल्या नाहीत," म्हणून ओरडतात.

दुपारी साडेतीनला मात्र ओसरीवर जुना आवाज येतो. एका तुंबलरपुरत्या बिया, मोजून. पहिल्या आठवड्यात सून खिडकीतून बघत उभी राहायची, मध्ये थांबल्या तर पुढे व्हायला. एकदा अत्याबाईंनी दांडा न थांबवता तिच्याकडे पाहिलं.

"उभी काय राहतेस? दूध तापव जा. आणि दोन तुंबलर घे."