डावीकडची ओढ

ताशी 80 ला पोचली की आमची गाडी थरथरायला लागायची. 70 ला काही नाही, 95 च्या पुढे पुन्हा शांत. मधल्या पट्ट्यात मात्र स्टिअरिंग असं कापायचं की शेजारी ठेवलेल्या बाटलीतल्या पाण्यावर बारीक तरंग उठायचे. आई एकदा मागच्या सीटवरून म्हणाली, "हिला थंडी वाजतेय का रे?"

गाडी म्हणजे 2004 ची मारुती 800. तीन सिलिंडर, 796 सीसी, 12 इंची चाकं. पंधरा वर्षं भरली तेव्हा आरटीओत जाऊन नोंदणी वाढवून घेतली, हरित कर भरला; पाच वर्षांनी पुन्हा तेच केलं. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे चाकाखाली आलेला खडासुद्धा तळहाताला कळतो. नव्या गाडीत बसलं की मला हातमोजे घालून पोळी लाटल्यासारखं वाटतं.

थरथर होती म्हणून तक्रार तरी केली. दुसरा आजार मात्र घरात कुणाला कळलाच नव्हता. गाडी डावीकडे ओढत होती. हे एका दिवसात झालेलं नाही. आज केसभर, पुढच्या पावसाळ्यात आणखी केसभर. तेवढाच उजवा हात स्टिअरिंगला खाली दाबत गेला. सरळ रस्त्यावर स्टिअरिंगची आडवी दांडी तिरकी दिसायची, तीही डोळ्यांच्या सवयीची झाली. ओढ हा शब्द आपण माहेरासाठी, माणसांसाठी राखून ठेवलेला. गॅरेजमध्ये तो तक्रार म्हणून सांगायचा असतो हे मला उशिरा कळलं.

आधी एका चकाचक टायरच्या दुकानात गेलो. चारही चाकांना आरसे लावले, पडद्यावर आकडे हलले, शेवटी सगळे हिरवे झाले. कागद हातात, पैसे दिले. त्याच संध्याकाळी गाडी पुन्हा डावीकडे.

मग साताऱ्यातल्या जुन्या गॅरेजवाल्या मामांकडे. इथे नाडीपरीक्षेची उपमा देण्याचा मोह होतो, पण ती खरी नाही. मामांनी गाडीला हातच लावला नाही. आधी माझी उलटतपासणी.

"थरथरते हे कळलं. कधी थरथरते ते सांगा. ठरावीक स्पीडला? ब्रेक मारल्यावर? का निघाल्यापासूनच?"

मी म्हटलं, 80 ला. आणि हो, पुण्याकडे येताना खंबाटकीचा बोगदा संपल्यावर उतारावर ब्रेक दाबला की वेगळी थरथर येते, जरा जाड.

"मग हे दोन आजार आहेत," मामा म्हणाले. "एकात एक मिसळू नका."

पहिला सोपा निघाला. उजव्या पुढच्या रीमच्या काठावर बोटभर लांबीचा स्वच्छ पट्टा होता, बाकी रीम मातकट. तिथलं बॅलन्सिंगचं वजन कधीतरी खड्ड्यात उडून गेलेलं. वीसेक ग्रॅमचं शिसं, त्यानं एवढा गोंधळ घालावा? घरी येऊन मी हिशेब केला. या टायरचा घेर साधारण 1.6 मीटर, 80 च्या वेगाला चाक सेकंदाला चौदा वेळा फिरतं. त्या फेऱ्यात 20 ग्रॅमचा फरक दोन किलोंहून जास्त जोरानं चाकाला बाहेर खेचतो, आणि प्रत्येक फेरीत दिशा बदलत राहतो. वेग निम्मा केला की हा जोर पावपट होतो. 80 च्या आसपास चाकाचा हा ठेका आणि सस्पेन्शनचा स्वतःचा ठेका जुळतात, म्हणून थरथर तिथेच. पुढे ठेका सुटतो, गाडी गप्प होते. झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का बसला तर तो चढतो, तसंच.

ओढीचं निदान व्हायला मात्र अख्खा रविवार गेला. एमआयडीसीतले रस्ते रविवारी मोकळे असतात. मामा शेजारी बसले, गाडी मला चालवायला लावली. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता ठेवलेला असतो आणि आपण डावीकडून चालतो, तेव्हा थोडी डावी ओढ रस्त्याचीच असते. म्हणून गाडी मधल्या उंचवट्यावर घ्यायला सांगितली. स्टिअरिंग सैल सोडलं. तरीही डावीकडेच. मग पुढची दोन्ही चाकं अदलाबदल केली. दोष टायरच्या पोटात असता, आतले तारांचे थर सुटले असते, तर ओढीनं बाजू बदलली असती. बदलली नाही. तरी टायरच्या अंगावरचे चार आकडे मामांनी मला वाचायला लावलेच: 3216, म्हणजे 2016 च्या बत्तिसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत होती, रबर लाकूड झालेलं. "गाडी कमी फिरते म्हणून टायर तरुण राहत नाही," एवढंच बोलले.

जॅक लावला. चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं: घट्ट. म्हणजे बेअरिंग ठीक. तीन आणि नऊला धरून हलवलं, तर डाव्या बाजूला बारीक टक. टाय रॉड एंडमध्ये प्ले. मला त्या दुकानातला हिरवा कागद आठवला. सांधा ढिला असताना अलाइनमेंट करणं म्हणजे डुगडुगत्या पाटावर रांगोळी काढणं.

खरा चोर सापडला तो शेवटच्या फेरीनंतर. ब्रेक फारसा न वापरता पाचेक किलोमीटर जाऊन आलो. मामांनी उतरून आधी उजव्या चाकाजवळ तळहात नेला, मग डाव्या. डाव्याजवळचा हात झटकन मागे आला. कॅलिपरच्या पिनेचं रबर फाटून आत पाणी-माती गेली होती. पिन सरकेना, त्यामुळे पाय काढल्यावरही ब्रेक पॅड डिस्कला घासत राहायचे. डावं चाक कायम थोडं धरलेलं. तापून तापून डिस्क लहरली, बोगद्यानंतरची जाड थरथर ती. पिना पॉलिश पेपरनं घासल्या, ग्रीस लावलं, नवी रबरं, नवी डिस्क, नवा टाय रॉड एंड, चार टायर. त्यानंतर अलाइनमेंट, तेही सगळ्यात शेवटी.

गाडी घेऊन निघालो आणि दुसऱ्याच दिवशी मामांना फोन केला. गाडी आता उजवीकडे ओढतेय.

"या घेऊन," म्हणाले. गेलो. या वेळी ते स्वतः चालवायला बसले, मी शेजारी. सरळ रस्त्यावर दोन्ही हात मांडीवर ठेवले. गाडी रेषेत गेली. परत फिरून आले, किल्ली माझ्या हातात दिली.

"गाडी नाही ओढत. तुम्ही ओढताय."

याला सहा महिने झाले. आई पुढे बसली की अजूनही मधूनच म्हणते, "हात सैल सोड."