वहिवाट

आमच्या सांगलीच्या घरातील पुढच्या खोलीला जी सागवानी खिडकी आहे, तिच्या चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात, करंगळीचे टोक जेमतेम शिरेल एवढे एक भोक आहे. आणि गेल्या चाळीस वर्षांत दूरच्या माणसांशी आमचा जो काही संबंध राहिला, तो दिंडीदरवाजापेक्षा या भोकानेच अधिक राखला, असे म्हटले तर अतिशयोक्ती फारशी होणार नाही.

ते भोक पडले १९८६ साली. टेलिफोनसाठी केलेला अर्ज त्या काळच्या रीतीप्रमाणे काही वर्षे प्रतीक्षायादीत मुरून अखेर मंजूर झाला, आणि एके सकाळी सायकलला शिडी बांधून, खांद्यावर तारेचे वेटोळे घेऊन लाइनमन दारात उभा राहिला. वडिलांची, म्हणजे अण्णांची, वकिली दिवाणी बाजूची. बांध, पाणंद, सामाईक विहीर आणि शेजाऱ्याच्या अंगणातून जाणारी पायवाट यांच्या दाव्यांत त्यांची हयात गेलेली. सागवानाला गिरमिट लागणार म्हणताच त्यांचा चेहरा उतरला. ‘‘भोकाशिवाय तार आत कशी यायची, वकीलसाहेब?’’ या लाइनमनच्या प्रश्नाला मात्र त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. त्यांनी समोरच्या कागदावर सही केली, पण सहीच्या वर ‘मालकाच्या खुशीने’ असे दोन शब्दांत लिहून ठेवले. मी कारण विचारले तेव्हा चष्मा पुसत म्हणाले, ‘‘वीस वर्षे कोणी उघडपणे, हक्काने आणि बिनहरकत वाट चालवली, की १८८२ च्या कायद्याने तिची वहिवाट होते. खुशीने दिलेल्या वाटेवर हक्क चढत नाही. लिहून ठेवलेले बरे.’’ त्याच १८८२ साली मुंबईत टेलिफोनचे पहिले एक्स्चेंज सुरू झाले होते, हे मी पुढे कुठेतरी वाचले. ते ऐकायला अण्णा तेव्हा असते तर त्या योगायोगावर त्यांनी अर्धा तास तरी मनमुराद बोलण्यात काढला असता.

पुढे १९९२ च्या सुमारास केबलवाला आला. त्याला ना अर्ज होता, ना मंजुरी. गच्चीवरून गच्चीवर, नारळाच्या झाडाला एक फेरा मारून, त्याची जाड काळी तार आमच्या भिंतीवर उतरली आणि तयार भोक पाहून त्याने ते दोन सूत मोठे करून घेतले. ‘‘दुसऱ्याच्या वाटेवरून तिसरा,’’ एवढेच अण्णा पुटपुटले. मृगाचे पाणी त्या भोकातून आत झिरपू लागले, मुंग्यांनीही तीच वाट धरली, आणि तेव्हापासून दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आई मेणाचा गोळा बोटांनी मऊ करून तारांच्या भोवती दाबून बसवू लागली.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, ते आमच्या घरी पोहोचायला आणखी पाच वर्षे गेली. आणि आले ते त्याच तांब्याच्या जोडीवरून, मोडेमच्या त्या किंचाळण्या-घरघरण्यासह, की जे ऐकून आई दर वेळी ‘‘बिघडले वाटते’’ म्हणे. पुण्याला शिकणाऱ्या मुलीने एक मेगाबाइटचे छायाचित्र पाठवले, तर ५६ किलोबिटांचा छापील वेग पुरेपूर मिळाला तरी ते उतरायला अडीच मिनिटे हवीत. प्रत्यक्षात आधी कपाळ, मग भुवया, मग डोळे अशी ती हळूहळू अवतरत असे, आणि हनुवटीपर्यंत येण्याआधी संपर्क तुटला नाही तर आम्ही धन्यता मानीत असू. तोवर टेलिफोन अर्थातच बंद.

सरकारने २००४ साली ब्रॉडबँडचे धोरण जाहीर केले आणि सेकंदाला किमान २५६ किलोबिट ही त्याची व्याख्या ठरवली. तेव्हा घराघरांत हा नवा प्रवाह कोणी न्यावा याविषयी जी चढाओढ लागली, तिचे वर्णन लोक वेगाच्या आकड्यांत करीत. मला मात्र ती पहिल्यापासून अण्णांच्या दाव्यांसारखी दिसली. ज्याची तार आधीच घरात शिरलेली, त्याचे पारडे जड. टेलिफोनची तार बोलण्यासाठी घातलेली, केबलची चित्रांसाठी. दोघींचा मूळ हेतू निराळा, परंतु वाट हाती असल्यामुळे दोघीही नव्या मालाच्या वाहतुकीवर हक्क सांगू लागल्या.

तांब्याची युक्ती खरोखर विलक्षण होती. माणसाचे बोलणे तारेवरून न्यायला सेकंदाला ३०० ते ३,४०० कंपनांची पट्टी पुरते. त्याच्या वरचे, सुमारे अकरा लाख कंपनांपर्यंतचे सारे शिवार शंभर वर्षे पडीक होते. एडीएसएल नावाच्या तंत्राने ते लागवडीखाली आणले. त्याचे अडीचशेच्या वर वाफे पाडले, प्रत्येक वाफ्याची प्रत पारखून ज्यात गोंगाट कमी त्यात अधिक पेरायचे आणि ज्यात फार त्याला पडीक टाकायचे, असा तो हिशेब. आणि टेलिफोनपाशी बसवलेली एक पांढरी डबी बोलणे खाली व बाकीचे वर असे वेगळे करी, त्यामुळे फोनही चालू आणि इंटरनेटही चालू. परंतु या जमिनीला एक दोष होता. एक्स्चेंजपासून जसजसे दूर जावे, तसतसे वरचे वाफे आधी ओसाड होत जातात. आमचे घर तारेच्या वाटेने साडेतीन किलोमीटरांवर; शेतीच्या भाषेत सांगायचे तर आम्ही कालव्याच्या शेपटाकडचे खातेदार.

केबलवाल्याची अडचण वेगळी. त्याची तार जाड आणि समर्थ, पण ठिकठिकाणी बसवलेले वर्धक एकेरी. चित्र घराकडे जाई, घराचे उत्तर मागे फिरत नसे. म्हणून आमच्याकडच्या केबलवाल्या पोराने निळ्या रंगाची निराळीच तार गच्च्यांवरून ओढली. तिची मजल शंभर मीटरांची, म्हणून दर काही घरांनंतर कोणाच्या तरी जिन्याखाली एक पेटी; वळवाची वीज कडाडली की त्यांतली एखादी जळे आणि सारी आळी अंधारात. संध्याकाळी सगळे घरी आले की एकाच प्रवाहाचे इतके वाटेकरी होत की वेग मुंगीचा होई. तक्रार केली तर पोरगा निर्मळ मनाने सांगे, ‘‘काका, रात्री बारानंतर बघा, कसं पळतंय.’’

मग वाटच नको म्हणणारे आले. २०१६ नंतर चौथ्या पिढीचा मोबाइल स्वस्त झाला आणि खिडकीच्या चौकटीला हात न लावता इंटरनेट घरात शिरले. माझा भाचा म्हणाला, ‘‘मामा, आता तारेचा जमाना संपला.’’ तसे ते वाटले खरे. परंतु हवेतील लहरीही सामाईकच मालमत्ता, एका मनोऱ्याच्या छायेतील सर्वांनी वाटून घ्यायची, आणि त्या मनोऱ्याचा भार जो जो वाढला तो तो त्याच्या पायथ्याशी काचेची तारच येऊन पोहोचली.

निकाल लावला तो कृष्णेने. २००५ च्या महापुरात भूमिगत सांध्यांत पाणी शिरले आणि आमच्या टेलिफोनला खरखरीचा जो दमा जडला, तो पुढे दर पावसाळ्यात उठत राहिला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी पुन्हा चढले, आणि तांबे कायमचे मुके झाले. पुढल्या वर्षी टाळेबंदीत घराघरांतून कचेऱ्या आणि शाळा भरू लागल्यावर एक तरुण फायबर घेऊन आला.

ओसरीवर मांडी घालून त्याने केलेले काम मी जवळ बसून पाहिले. वरचे आवरण सोलून त्याने केसाएवढा तंतू मोकळा केला, स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, छोट्या चिमट्याच्या यंत्रात त्याचे टोक काटकोनात तोडले आणि दोन टोके एका पेटीत समोरासमोर ठेवली. पडद्यावर ती दोन खांबांसारखी मोठी दिसली, आपोआप सरकून एका रेषेत आली. निळसर ठिणगी चमकली आणि दोनाचे एक झाले. ‘‘पॉइंट झिरो वन, काका,’’ तो समाधानाने म्हणाला. सांध्यात वाया गेलेल्या प्रकाशाचे ते माप. १९६६ साली चार्ल्स काओ यांनी, काच पुरेशी शुद्ध केली आणि किलोमीटरभर गेल्यावर शंभरांतला एक हिस्सा प्रकाश उरला तरी तिच्यातून संदेश नेता येईल, असे मांडले. आजच्या काचेत तेवढा हिस्सा शंभर किलोमीटरांनंतरही उरतो. शिवाय या प्रकाशाचे बत्तीस घरांत वाटप करणाऱ्या डबीला वीज लागत नाही आणि पाण्याने प्रकाशाला खरखर होत नाही. एक गुण मात्र गेला: एक्स्चेंजमधून येणाऱ्या ४८ व्होल्टांवर आमचा काळा फोन वीज गेल्यावरही बोले, आताची पेटी बॅटरी नसेल तर दिव्याबरोबर मिटते.

चौकटीशी आल्यावर त्याने ड्रिल काढले. ‘‘नवीन भोक पाडायला परवानगी द्या, काका, इथं सही.’’ मी त्याला जुने भोक दाखवले. आत मेण, मुंग्यांची माती आणि ती मुकी झालेली तांब्याची तार. त्याने क्षणभर विचार केला, तारेच्या बाहेरच्या टोकाला फायबरची केबल चिकटपट्टीने घट्ट बांधली आणि मला आतून ओढायला सांगितले. मी हळूहळू तार ओढीत गेलो. चौतीस वर्षे घरात राहिलेले तांबे हातावर वेटोळे होऊन येत राहिले, आणि त्याच्या मागून, त्याच वाटेने, काच आत आली.

भाचा आता सांगतो की साडेपाचशे किलोमीटरांवरून फिरणारे उपग्रह घरोघर इंटरनेट देतात. खरेच आहे, पण छतावरच्या त्या तबकडीपासून खोलीपर्यंत एक तार लागतेच, असे त्यानेच दाखवलेल्या चित्रात मी पाहिले.

त्या तरुणाच्या कागदावर सही करताना मी तिच्या वर ‘मालकाच्या खुशीने’ असे लिहिले. तो गेल्यावर देवघरातल्या फडताळातून आईचा मेणाचा गोळा शोधून काढला. तो दगडासारखा कडक झाला होता. बराच वेळ तळहातात धरून बसावे लागले.