वीरहून माथेरान : घोड्यांच्या गावी दोन दिवस

वीर हे महाडचे स्टेशन, पण ते महाडात नाही. कोकण रेल्वेचा उत्तरेकडचा पहिला टप्पा, रोहा ते वीर, जून १९९३ मध्ये सुरू झाला तेव्हा गाडी इथेच संपायची. पुढची लाईन झाल्यावर वीर मधले एक स्टेशन होऊन गेले. आजही रायगड किल्ल्याला जाणारे बरेच लोक इथेच उतरतात. बाहेर रिक्षा आणि मिनीडोर उभ्या असतात. महाड, दासगाव, पोलादपूर सगळीकडे इंजिनाचीच वाहतूक. मुलांनी घोडा पाहिला तर तो लग्नाच्या वरातीत, नाहीतर मोबाईलवर.

तसे पाहिले तर आपण कोकणी मुसलमान घोड्याचे नव्हे, गलबताचे लोक. सावित्रीच्या खाडीत होड्या होत्या, घोडा होता तो घाटावर. पण घाटावरचा चांगला घोडाही पुष्कळदा आपल्याच बंदरांतून वर गेला. इराणच्या आखातातून आणि अरबस्तानातून घोडे जहाजात घालून चौलला आणि दाभोळला उतरवत आणि तिथून घाट चढवून दख्खनच्या बाजारात नेत. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी होर्मुझहून एकच घोडा घेऊन चौलला आला होता. जुन्नरला तिथल्या अधिकाऱ्याने तो घोडा हिसकावून घेतला. धर्म बदल तर घोडा परत मिळेल, अशी अटही घातली. शेवटी खुरासानच्या एका मुसलमान सरदाराने रदबदली करून त्याचा घोडा आणि त्याचा धर्म दोन्ही वाचवले. निकितीनने प्रवासवर्णनात हेही लिहून ठेवले आहे की इथले लोक घोड्याला हरभरा खाऊ घालतात. ती चंदी अजून तशीच चालू आहे.

घोड्याबरोबर शब्दही आले. लगाम, रिकीब, जीन, तंग, दुमची, तोबरा, नाल, चाबूक, खोगीर हे सगळे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. शिंगरू आणि खूर मात्र आपले देशी. शब्दच नव्हे, आडनावेही. रायगडावरून राज्य चालवणाऱ्या शिवाजी महाराजांच्या घोडदळात पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद आणि एक पखाली असे, अशी नोंद सभासदाच्या बखरीत आहे. नालबंद आणि पखाली ही दोन्ही आडनावे आज महाराष्ट्रातल्या मुसलमान घरांच्या दारांवर दिसतात. त्यांतल्या कितीजणांनी घोड्याचा खूर हातात धरला असेल?

हे डोक्यात घेऊन आम्ही निघालो. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर, आणि तिथे वेण्णा तलावाकाठी घोडे मिळतात. पण ते हौसेचे घोडे, एक फेरी मारायची आणि उतरायचे. जिथे घोड्यावाचून लोकांचे अडते असे गाव आपल्याच रायगड जिल्ह्यात, पण दुसऱ्या टोकाला आहे. वीरहून दिव्याची पॅसेंजर धरायची, दिव्याला कर्जतची लोकल पकडून नेरळला उतरायचे आणि वर माथेरान.

माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे मोटार जात नाही. अँब्युलन्ससारखा अपवाद सोडला तर पायी चाला, मिनी ट्रेनने जा, नाहीतर घोड्यावर बसा. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये इथे आले आणि त्यानंतर हे थंड हवेचे ठिकाण झाले. तेव्हा नेरळहून वर यायला तट्टू आणि पालखी हीच साधने होती. मिनी ट्रेन आली १९०७ मध्ये. ती आणली बोहरा समाजातले उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी. घरच्या पैशातून, सोळा लाख रुपये खर्चून, तीन वर्षांत त्यांनी ही लाईन डोंगरावर चढवली. माथेरानला जाणाऱ्या आपल्या किती कुटुंबांना हे नाव माहीत असते कोण जाणे. स्टेशनवर उतरल्यावर मुलांना एवढे तरी सांगावे.

रेल्वे आली तरी घोडे राहिले. आज परवाना असलेले साधारण साडेचारशे घोडे आहेत. ते माणसे नेतात, सामानही वाहतात. घोडेवाल्यांत हिंदू आहेत, मुसलमानही आहेत.

आम्हाला भेटलेले घोडेवाले साठीच्या पुढचे होते. मुले त्यांना लगेच चाचा म्हणू लागली. त्यांची घोडी शबनम, तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका. धाकट्याने धावत जाऊन मागून तिच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला तसा चाचांनी त्याचा हात वरच्या वर धरला.

"बेटा, मागून नाही. तिला मागचं दिसत नाही. आधी खांद्याकडून ये, बोल काहीतरी, मग हात लाव."

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, फक्त अगदी पाठीमागचे आणि नेमके कपाळासमोरचे दिसत नाही. अंधारातून कोणी अंगावर आले की तो लाथ मारतो. त्यात राग नसतो, भीती असते. रानात घोडा हे शिकारीचे जनावर. वाघाच्या वाटेत जगलेल्या पूर्वजांची भीती त्याच्या अंगात आहे. आणि वाघ झडप घालतो ती नेमकी पाठीवर. त्याच पाठीवर हे जनावर परक्या माणसाला बसू देते. चाचांचे सगळे शिकवणे या एका गोष्टीभोवती फिरत होते.

शिंगरू आले की पहिले काही महिने त्याच्यावर काही लादायचे नाही. अंगावरून हात फिरवायचा, खरारा करायचा, चारही पाय एकेक करून उचलायला लावायचे. पाय उचलून देणे ही घोड्यासाठी मोठी गोष्ट, कारण पळायचे त्याचे साधनच तो तुमच्या हातात देतो. जो पाय देतो तो पुढे नालबंदालाही देतो. मग मोरखी, मग रिकामे जीन. तंग पहिल्याच दिवशी आवळायचा नाही. त्यानंतर शांत, वयस्क घोड्याच्या मागोमाग रस्त्यावर न्यायचे. इथे त्याला माकडे बघायची असतात, वाऱ्यावर उडणारी प्लास्टिकची पिशवी, मिनी ट्रेनची शिट्टी, सेल्फी काढणारी माणसे. म्हातारा घोडा बिचकला नाही की नवखाही बिचकत नाही. तीन वर्षांच्या आत माणूस बसवायचा नाही, असा चाचांचा नियम. हाडे पक्की झालेली नसतात. पैशाच्या घाईने कोणी कोणी त्याआधीही बसवतात, हे त्यांनी लपवले नाही.

"मारून नाही का शिकत?" आमच्या थोरल्याने विचारले.

"शिकतो ना. घाबरायला शिकतो. मग दरीच्या कडेला एक दिवस तो तुझं ऐकणार नाही, भीतीचं ऐकेल."

दुपारी त्यांनी तोबरा बांधला. भिजवलेला हरभरा आणि कोंडा. आमच्यातल्या एकाने रिकामा तोबरा हलवून घोडीला जवळ बोलवायची गंमत सुरू केली, तेव्हा मात्र चाचा चिडले. रिकामा तोबरा दाखवायचा नाही. एकदा फसली की पुढच्या वेळी खरा दाखवला तरी येणार नाही. इमाम बुखारी यांच्याविषयीची एक गोष्ट आपल्याकडे वाजमध्ये नेहमी सांगितली जाते. हदीस घ्यायला ते लांबचा प्रवास करून एका माणसाकडे गेले. तो रिकामी झोळी दाखवून आपले जनावर पकडत होता. जो जनावराशी खोटे बोलतो त्याच्याकडून हदीस घ्यायची नाही, म्हणून ते तसेच परत फिरले. चाचांना ही गोष्ट माहीत होती का, मी विचारले नाही. त्यांचे ज्ञान घोडीकडून आलेले होते.

घोड्यांचे आपल्या दीनमध्ये मोठे स्थान आहे. कुरआनमधल्या सूरह आदियातची सुरुवातच धापा टाकत दौडणाऱ्या घोड्यांच्या शपथेने होते आणि पुढे माणसाच्या कृतघ्नतेचा विषय येतो. प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या चादरीने घोड्याचे तोंड पुसताना दिसले, असे इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये आहे. जनावराच्या तोंडावर डाग देण्याची त्यांनी मनाई केली. उभ्या जनावराच्या पाठीचा मिंबर करून गप्पा मारत बसू नये, अशीही हदीस अबू दाऊदमध्ये आहे. पॉइंटवर घोडा उभा करून, त्याच्यावरून न उतरता अर्धा अर्धा तास फोटो काढणाऱ्यांत आपलीही मंडळी होती, म्हणून ही शेवटची हदीस मुद्दाम लिहिली.

वजनाचेही तसेच. घोड्याने आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्यापर्यंत भार वाहावा, असा जाणकारांचा ढोबळ दंडक आहे. इथली बरीच जनावरे लहान चणीची. अडीचशे-तीनशे किलोच्या घोड्याला जिनासकट पन्नास-साठ किलो झाले. म्हणजे आपल्यासारखे बिर्याणीचे चाहते आधीच बाद. धडधाकट माणसाने पायी चालावे आणि मुलांना बसवावे, हे माझे मत. लगाम घोडेवाल्याच्या हातात असू द्यावा आणि डोक्यावर हेल्मेट मागून घ्यावे. भरधाव सोडायचा हट्ट तर करूच नये. इथे पडून जीव गेल्याचे प्रकार झाले आहेत. असे झाले की बोल घोड्याला लागतो, हट्ट करणाऱ्याला कोणी विचारत नाही.

पायाखालच्या जमिनीवरूनही वाद आहे. माथेरानची माती तांबडी, जांभ्याची. तिच्यात टाप रुतते आणि धरते. रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवायला सुरुवात झाली तेव्हा घोडेवाल्यांनी विरोध केला, कारण लोखंडी नाल गुळगुळीत ब्लॉकवर घसरते. उतारावर तर फारच. ब्लॉक हवेत म्हणणाऱ्यांचेही खरे आहे. पावसात माती वाहून जाते, म्हाताऱ्यांना चालवत नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. ई-रिक्षाही तिथूनच आली. डिसेंबर २०२२ मध्ये ती प्रायोगिक सुरू झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कोर्टाने माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. हे फार आधी व्हायला हवे होते. माणसाने माणसाला घाम गाळत ओढावे आणि आपण वर बसून चणे खावे, हे बघवत नव्हते.

घोडेवाल्यांना मात्र ई-रिक्षाची धास्ती आहे. शाळेची मुले, आजारी माणसे, वयस्कर लोक रिक्षाने जावेत याला चाचांची ना नव्हती. त्यांची बीबी गुडघ्यांनी हैराण, ती स्वतःच रिक्षाने जाते. "पण गिऱ्हाईक कमी झालं म्हणून घोडी कमी खाणार आहे का?" हा त्यांचा प्रश्न होता. रिक्षा उभी राहिली तर काही खात नाही. घोड्याचे पोट लहान. त्याला दिवसभर थोडे थोडे लागते, पाणी पंचवीस-तीस लिटर लागते, आणि उलटी करता येत नसल्यामुळे शिळे, बुरसटलेले काही पोटात गेले तर पोटशूळाने जीवही जातो. खूर महिन्याला जवळजवळ एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे महिन्या-दीड महिन्याने नालबंद आलाच. खिळा आपल्या नखासारख्या निर्जीव भागातच जायला हवा, एक रेघ आत गेला की घोडा लंगडा. हंगाम असो नसो, हा खर्च चुकत नाही. धंदा बसला की आधी चंदी कमी होते आणि मग जनावर कोणाला तरी विकले जाते. कुठे जाते, ते विचारायचे नसते. घोड्यांवर दया म्हणून घोडेवाले बंद करा म्हणणाऱ्यांनी या शेवटच्या टप्प्याचाही विचार करावा.

चाचांचा मुलगा बारावीला आहे. सकाळी खरारा करून, तबेला झाडून कॉलेजला जातो. त्याला घोडे आवडतात, पण हा धंदा करणार का, यावर तो नुसता हसला.

दुसऱ्या दिवशी असरनंतर आम्ही निघायच्या तयारीत होतो तेव्हा चाचा शबनमचे जीन उतरवत होते. जीन खाली ठेवले, खोगीर काढले, आणि घामेजलेल्या पाठीवरून त्यांनी तळवा सावकाश मानेपासून कमरेपर्यंत नेला. एका ठिकाणी हात थांबला. परत मागे आणला. तिथे बोटाने हलके दाबले तशी घोडीने कातडी थरथरवली आणि कान मागे टाकले. जखम नव्हती, नुसती लिंबाएवढी सूज, जीन घासल्याची. आम्हाला तर दाखवूनही नीट दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार, एका कुटुंबाचे चार पॉइंट ठरलेले, आगाऊ पैसेही आलेले. चाचांनी ओल्या फडक्याची घडी सुजेवर ठेवली, खिशातून फोन काढला आणि त्या कुटुंबाला सांगितले की आपली घोडी उद्या चालणार नाही. मग दुसऱ्या घोडेवाल्याचा नंबर दिला. पैसे त्याच्याकडे पोचते करतो म्हणाले. तोवर शबनम तांबड्या मातीत लोळायला गेली होती.