मेंढीचा साक्षीदार

२०११ साली सोलच्या एका कचेरीत मी हिशेब तपासनीस होतो. विभागप्रमुखांच्या प्रवासखर्चात एक खोटे बिल सापडले. शेजारच्या कोरियन तरुणाला दाखविले, तर त्याने ते दोन्ही हातांनी, अगदी अदबीने, मला परत केले. म्हणाला, "माझे लग्न यांनीच लावले!" (तिकडे भटजी नसे, पुष्कळदा असा एखादा वडीलधारा वरिष्ठच वधूवरांपुढे उभा राही.)

मी चिडलो. पण रात्री कन्फ्यूशियसची ती गोष्ट आठवली. शे प्रांताच्या अधिपतीने बढाई मारली, आमच्याकडे बापाने मेंढी लांबवली तर मुलगाच साक्ष देतो. गुरुजींना ते रुचले नाही. आमच्याकडे बाप-लेक एकमेकांना झाकतात, सरळपणा त्यातच आहे, असे त्यांचे म्हणणे. कोरियाच्या फौजदारी कायद्यातही गुन्हेगाराला लपविणाऱ्या नातलगाला शिक्षा नाही!

मात्र बाप चुकत असेल तर मुलाने त्याला अडवलेच पाहिजे, असेही त्याच परंपरेतला पितृभक्तीचा ग्रंथ बजावतो. हे मी विसरलो होतो. तो तरुण विसरला नव्हता. संध्याकाळी तो साहेबांबरोबर एकटाच जेवायला गेला. काय बोलणे झाले देव जाणे, तिसऱ्या दिवशी रक्कम जमा झाली.

अहवालात मी एवढेच लिहिले, 'रक्कम वसूल'. का, कशी, ते गाळले. फोनवर बायकोला मोठ्या कौतुकाने सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "त्या मुलाचं समजलं हो. पण तुमचे ते साहेब कोण लागत होते?"