पुढे धावणे

पुनरुत्थानाच्या पहाटे दोन शिष्य कबरेकडे धावतात आणि पेत्राच्या सोबतचा शिष्य आधी पोहोचतो (योहान २०:४). मूळ ग्रीकमध्ये येथे ‘प्रोत्रेखो’ हे क्रियापद आहे. ‘प्रो’ म्हणजे पुढे, ‘त्रेखो’ म्हणजे धावणे. नव्या करारात ते आणखी एकदाच येते: प्रभूला पाहण्यासाठी जक्कय पुढे धावतो व उंबरावर चढतो तेव्हा (लूक १९:४). आपल्या ‘मागे टाकणे’मध्ये नजर मागे राहिलेल्यावर असते, ग्रीक क्रियापदाची नजर पुढे असते.

सेमिनरीत हे शिकताना मला पेत्राची कीव आली होती. आज पन्नाशी उलटली आहे. तरुण सहायक धर्मगुरू आजाऱ्याच्या दारी माझ्याआधी पोहोचतात, तेव्हा मनाला काहीतरी बोचते, हे कबूल केले पाहिजे. मग मी तो अध्याय पुन्हा उघडतो. आधी पोहोचलेला शिष्य ओणवून पाहतो, पण आत जात नाही. मागाहून आलेला पेत्र प्रथम आत जातो.

तरुणपणी मीही वडीलधाऱ्या धर्मगुरूंच्या पुढे धावलो. दाराशी थांबलो मात्र नाही. बोचते ते बहुधा हेच.