‘होते’ लिहिण्याची घाई

#धागा

१. आज २६ नोव्हेंबर, ज्येष्ठ अभिनेते विक्रम गोखले यांचा स्मृतिदिन. आजच्या धाग्यात त्यांच्या घराण्याचा इतिहास आहे आणि माझ्या एका चुकीची कबुलीही.

२. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली, कारण दादासाहेब फाळके यांना त्या कामासाठी स्त्री मिळाली नव्हती. पुढच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची किशोरवयीन कन्या कमलाबाई मोहिनी.

३. दुर्गाबाई या विक्रम गोखले यांच्या पणजी, कमलाबाई आजी आणि नटवर्य चंद्रकांत गोखले वडील. चार पिढ्यांची ही साखळी भारतीय चित्रपटाच्या पहिल्या वर्षांपासून दूरचित्रवाणीपर्यंत पोहोचते.

४. जयवंत दळवींच्या ‘बॅरिस्टर’ने त्यांना रंगभूमीवर मानाचे स्थान दिले. दूरदर्शनवरील ‘उडान’मध्ये ते मुलीच्या पाठीशी उभे राहणारे वडील होते, तर ‘हम दिल दे चुके सनम’मध्ये मुलीच्या प्रेमाला नकार देणारे. दोन्ही बाप खरे वाटत. पुढे घशाच्या विकारामुळे २०१६मध्ये त्यांना रंगभूमीचा निरोप घ्यावा लागला.

५. २३ नोव्हेंबर २०२२च्या रात्री त्यांच्या निधनाची वार्ता सर्वत्र पसरली. मी तेव्हा एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. ‘मोहिनी भस्मासुर’चे तपशील तीन ठिकाणी पडताळून मी रात्रीच श्रद्धांजलीचा धागा प्रसिद्ध केला. सकाळी कुटुंबीयांचा खुलासा आला : ते जिवंत आहेत, पुण्यात उपचार सुरू आहेत. शंभर वर्षांपूर्वीचा चित्रपट मी तपासला होता. माणूस हयात आहे का, हे तपासले नव्हते.

६. ‘अनुमती’ या ज्या चित्रपटाने त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला, त्यात ते कोमातील पत्नीचे उपचार थांबवण्याच्या कागदावर सही करू न शकणारे वृद्ध पती आहेत. ती सही आपण सर्वांनी त्यांच्या बाबतीत किती सहज केली! मी धागा काढून टाकला. २६ तारखेला ते खरोखरच गेले, तेव्हा मला एक ओळही लिहवली नाही.

७. ‘मोहिनी भस्मासुर’ आज पाहायला मिळत नाही. पण रीना मोहन यांनी वृद्ध कमलाबाईंकडे कॅमेरा नेला आणि ‘कमलाबाई’ हा माहितीपट केला, म्हणून त्यांची आठवण त्यांच्याच तोंडून उरली. कोणीतरी वेळेवर त्यांच्या दारी गेले होते.

८. तेव्हापासून निधनाची बातमी आली की मी एक दिवस थांबतो. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलताना वही जवळ ठेवतो. तुमच्या घरी कोणी जुने बोलणारे असेल, तर या रविवारी त्यांच्यापाशी बसा. धागा समाप्त.